कापसाच्या एका हंगामात मिडी: वापरानंतरचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शेतकरी गटाची कापूस नोंदणी दिवाळीपासून एडब्ल्यूएस लॅम्डावर चालते; ही ॲमेझॉनची सेवा, विनंती आली की आपला कोड (फंक्शन) तेवढ्यापुरता चालवणारी. गाडी काट्यावर आली की मापाडी भाऊ मोबाईलवर, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ॲपात, नाव, वजन, ओलावा भरतात. कोड नोडजेएसचा (सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट), आणि चुका सांभाळायला मिडी हे मिडलवेअर, म्हणजे फंक्शनच्या आधी-नंतर चालणारा तयार कोड. आता होळी झाली, म्हणून लिहितोय.

आधी प्रत्येक फंक्शनमध्ये वेगळा ट्राय-कॅच (चूक पकडणारा कोड) होता. एखाद्यात राहून गेला की गेटवेकडून (मोबाईल आणि लॅम्डा यांच्यामधलं दार) नुसतं ५०२, म्हणजे 'आतून नीट उत्तर आलं नाही'. आता फंक्शनने फक्त एरर फेकायची, उत्तर एकाच जागी तयार होतं. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. १४ भरलं तर ४०० कोडसोबत (म्हणजे भरलेली माहिती चुकीची) 'ओलावा जास्त आहे, पुन्हा मोजा' असं दिसतं. डेटाबेसच अडला तर तपशील लॉगमध्ये जातो आणि काट्यावर फॉलबॅक, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेला, मेसेज येतो: 'नोंद झाली नाही, पावती देऊ नका.' हे वाक्य मापाडी भाऊंनीच सांगितलेलं. मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं.

पहिले पंधरा दिवस मात्र रोज फोन यायचा, "भाऊ, नेट गेलं जी." आमच्याकडे नेट जातंच, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. गाड्या अंधार पडेपर्यंत रांगेत. शेवटी मी स्वतः काट्यावर जाऊन बसलो. मोबाईलला रेंज पूर्ण होती! सर्व्हर उत्तर देत होता, पण कॉर्सचे हेडर (दुसऱ्या पत्त्यावरच्या सर्व्हरचं उत्तर ॲपला वाचू द्यावं, असं ब्राउझरला सांगणाऱ्या ओळी) मी फक्त यशस्वी उत्तरालाच हाताने लावले होते. एररच्या उत्तराला ते नसले की ब्राउझर ॲपला काहीच वाचू देत नाही, आणि ॲपला नेट तुटल्यासारखंच वाटतं. मिडीचं कॉर्स मिडलवेअर जोडलं आणि खऱ्या चुका दिसू लागल्या. क्रम तेवढा जपा: आधी एररचं उत्तर तयार व्हावं, मग त्यावर हेडर चढावेत. गेटवे स्वतः जे एरर देतो, त्यांचे हेडर तिथेच वेगळे लावावे लागतात.

टाइमआउटवर भिस्त ठेवू नका. लॅम्डात फंक्शन चालायची मूळ मुदत ३ सेकंदांची. ती संपली की फंक्शन मध्येच बंद पडतं, एरर हँडलरला (एररचं उत्तर तयार करणारा भाग) उत्तर द्यायला वेळ मिळेलच असं नाही. आत नोंद झालेली, बाहेर उत्तर नाही, म्हणून भाऊ पुन्हा बटण दाबतात आणि एकाच गाडीच्या दोन नोंदी होतात. मुदत वाढवली, शिवाय प्रत्येक नोंदीला मोबाईलवरच क्रमांक दिला. तोच क्रमांक पुन्हा आला तर जुनीच नोंद परत जाते.

हरभऱ्याच्या नोंदणीला हाच साचा लावलाय.