मीटिंगचं मराठी टिपण काढणारं ॲप: कान चांगला, पण बोलण्याचा धागा धरत नाही

ॲपचं नाव लिहीत नाही, कारण कस्टमर केअरबरोबर माझं अजून चालूच आहे. तीन महिने स्वतःच्या खिशातून ३९९ रुपये भरून वापरलंय, त्यामुळे फुकटात नावं ठेवतोय असं कुणी म्हणू नये.

आमची औसा तालुक्यात शेतकरी उत्पादक कंपनी आहे, सोयाबीन आणि तूर. महिन्याला मारुतीच्या देवळात मीटिंग भरते आणि प्रोसिडिंग लिहायचं काम कायम माझ्या गळ्यात, कारण पुण्याला जाऊन भाषाशास्त्रात एम.ए. करून आलेला मी एकटाच, मंग काय, "तुमचं अक्षर चांगलंय" म्हणत वही माझ्याकडंच सरकते. दोन तास लोकं बोलणार नि मी लिहिणार, त्यात निम्मं सुटतं. म्हणून हे ॲप घेतलं. मोबाईल मधी ठेवायचा, रेकॉर्ड दाबायचं, घरी जाईस्तोवर पूर्ण मजकूर आणि खाली सारांश तयार.

आधी चांगलं सांगतो. ऐकतं झकास. पंखा चालू, बाहेर ट्रॅक्टर, चार माणसं एकदम बोलतायत तरी शंभरातले नव्वद शब्द बरोबर येतात असा माझा अंदाज. आपली बोली आली की थोडं गडबडतं, "टाकीत पाणी येलालंय" (म्हणजे येतंय) असं एक जण म्हणाला तर ह्यानं "टाकीत पाणी लाल आहे" लिहिलं, वाचून सरपंच घाबरले. पण ते चालतं, हसून सोडून देता येतं.

खरा घोळ सारांशात आहे. एकेक वाक्य ह्याला कळतं, पण ह्या वाक्याचा त्या वाक्याशी संबंध काय हे कळत नाही. संगणकी भाषाशास्त्रात ह्याला डिस्कोर्स म्हणतात, अन् पन्नासेक वर्षं लोकं त्याच्यावर डोकं फोडतायत. आता हा मीटिंगमधला प्रकार बघा. एक जण म्हणाला, "तात्यानं आपली मोटर अण्णाला दिली, कारण त्याची जळाली होती." कुणाची जळाली? अण्णाची, शेंबडं पोरगं सांगेल. ॲपनं लिहिलं, "तात्यांची मोटर जळाल्यामुळे त्यांनी ती अण्णांना दिली." म्हणजे तात्यानं जळकी मोटर गळ्यात मारली! तात्या दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आता गंमत अशी की शेवटी "कारण त्याच्याकडं दोन होत्या" असं म्हटलं असतं तर तोच "त्या" तात्यावर गेला असता. व्याकरण इथं काही मदत करत नाही, मोटर कोण देतो आणि कुणाला लागते हे माहीत असावं लागतं. टेरी विनोग्राड ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञानं १९७२ साली असंच एक वाक्य दिलं होतं, नगरसेवकांनी आंदोलकांना परवानगी नाकारली कारण "त्यांना" हिंसेची भीती होती, आणि भीतीऐवजी "हिंसेचा पुरस्कार करत होते" म्हटलं की "ते" लगेच आंदोलकांवर जातं. मशीनची परीक्षा घ्यायला पुढं असल्याच वाक्यांचे संच तयार झाले.

मराठीत तर अजून एक खड्डा आहे, आम्ही आणि आपण. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, आपल्याकडं त्याच्यावर भांडणं होतात. चेअरमन सरळ म्हणाले होते, "गाडीभाड्याचं आम्ही बघताव, तुम्ही फक्त पोती भरून ठेवा." आम्ही म्हणजे संचालक मंडळ, सभासद त्यात नाहीत. सारांशात आलं, "आपण सर्वांनी गाडीभाडे भरायचे ठरले." मी घाईत न वाचता ग्रुपवर टाकलं, चूक माझीही आहे, मान्य. रात्री अकरापर्यंत फोन. एकानं तर सोयाबीन बाहेर अडत्याला घालतो म्हणून दम दिला. कंपनी फुटायची वेळ एका सर्वनामानं आणली राव.

मंग मी बसून शोधलं हे कुठं बिघडतंय. सेटिंगमधे "स्वच्छ मजकूर" म्हणून एक बटण आहे, ते आधीपासूनच चालू असतं. ते काय करतं, तर बोलण्यातला कचरा काढतं. आणि ह्यांच्या लेखी कचरा म्हणजे अं, हं, ह्याच्याबरोबर तर, मंग, बरं, असो, ते जाऊ द्या! अरे बाबा, सगळी मीटिंग त्याच्यावर तर उभी असते. आमच्याकडं बियाण्याची चर्चा चालू असताना कुणाच्या तरी लेकीच्या लग्नाचा विषय निघतो, त्यातून टँकर निघतो, आणि वीस मिनिटांनी कुणीतरी म्हणतं, "बरं ते जाऊ द्या, बियाण्याचं काय ठरलं?" बार्बरा ग्रोझ आणि कँडेस सिडनर ह्या संगणकी भाषाशास्त्रातल्या दोघींनी १९८६ साली नेमकं हेच मांडलंय, चालू विषयावर नवा विषय थप्पीसारखा चढतो, नवा संपला की वरचं पोतं उतरतं आणि खालचा विषय परत हाताशी येतो, आणि हे चढणं-उतरणं असल्या बारक्या शब्दांवरून कळतं. ते शब्दच उडवले तर काय राहणार? ॲपनं टँकर आणि बियाणं एक करून "बियाण्यासाठी टँकर मागवण्यात येईल" लिहिलंय. वहीत अजून आहे, दाखवू शकतो.

बटण बंद केल्यावर निम्मा घोळ गेला, हे ज्यांनी ॲप घेतलंय त्यांनी आजच करा.

राहिलेला निम्मा मात्र सुटत नाही, कारण तिथं जोडणारा शब्दच नसतो. "परवा रातच्याला धो धो झाला. पेरणी थांबलीय." एवढंच माणूस बोलतो. ॲपचा सारांश: "पाऊस होऊनही पेरणी थांबली आहे." होऊनही नाही, झाला म्हणूनच थांबली! काळ्या रानात वापसा आल्याबिगर, म्हणजे चिखल सुकून पेरणीपुरती ओल राहिल्याबिगर, तिफण घालता येत नाही, हे लातूर-परभणीत कुणाला सांगावं लागतं का? मशीनला सांगावं लागतं. हा सगळ्यात अवघड भाग आहे, हे मात्र ॲपवाल्यांच्या बाजूनं बोललं पाहिजे. आपल्या पुण्यात १९२९ साली जन्मलेले संगणकी भाषाशास्त्रज्ञ अरविंद जोशी पुढं अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले, त्यांच्या टीमनं वॉल स्ट्रीट जर्नलचा साधारण दहा लाख शब्दांचा मजकूर घेतला आणि दोन वाक्यांत जोडशब्द नसेल तिथं माणसांना विचारलं की इथं कुठला शब्द बसेल, कारण, म्हणून, की पण. २००८ च्या आवृत्तीत जोडशब्द असलेले आणि नसलेले मिळून चाळीस हजारांवर संबंध नोंदलेत. आणि एवढं करूनही, जोडशब्द नसला की ओळखणं मशीनला आजही जड जातं. पण तो सगळा मजकूर इंग्रजी पेपरचा, त्यात वापसा कुठून येणार?

अजून एक. सारांशात मुद्दा कुठला आणि मुद्द्याला टेकू कुठला हे ह्याला कळत नाही. मान आणि थॉम्पसन ह्या भाषा-अभ्यासकांच्या १९८८ च्या सिद्धांतात हीच फोड आहे, गाभा वेगळा आणि त्याला आधार देणारं वेगळं, सारांश काढताना गाभा ठेवायचा. आमचे चेअरमन गोदामाचे फायदे बारा मिनिटं सांगून शेवटी म्हणाले, "पण यंदा नको." ॲपनं फायद्यांच्या आठ ओळी दिल्या. "नको" गायब.

घ्यायचं का? टायपिंगसाठी घ्या, मोठ्या रेकॉर्डिंगमधे अमुक कोण कधी बोललं ते पटकन सापडतं, ते एकटं ३९९ वसूल करतं. सारांश आंधळेपणानं ग्रुपवर टाकायचा असेल तर घेऊ नका. पाचपैकी अडीच, त्यातले दोन कानाला.

कस्टमर केअरला काल चॅटवर लिहिलं, "स्वच्छ मजकूर बंद केलं तर महिन्याची मिनिटं जास्त कापली जातात का? आणि ते कायमचं बंद कसं ठेवायचं?" उत्तर आलं, "आपण मिनिटे कायमची बंद करू इच्छिता का?" हो किंवा नाही दाबा म्हणे. मी अजून काही दाबलेलं नाही.