लिनक्सवर गेम खेळून आठ महिने झाले: सगळं माफ, फक्त ती 'टक्' नाही

आधीच सांगून देतो, मिंट (विंडोजऐवजी टाकायचं एक लिनक्स) कसं टाकायचं, स्टीम (गेम विकणारं ॲप) कसं घ्यायचं हे इथं नाही, ते सगळ्यांनी लिहून ठेवलं आहे. मी फक्त आवाजावर लिहून राहिलो, कारण आठ महिन्यांत माझं डोकं खाल्लं ते आवाजानं. ग्राफिक्स चाललं, कंट्रोलर लावताबरोबर चालला, वायफायनं पण त्रास दिला नाही. आवाज पण येत होता, तीच तर गोष्ट आहे. बिलकुल नसता आला तं बरं झालं असतं, सरळ समजते की बिघडलं. हा येत होता, पण कधी घरघर, कधी करकर, आणि कधी ती टक्.

लॅपटॉप सीताबर्डीवरून घेतलेला सेकंडहँड, सातव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, विंडोज ११ या प्रोसेसरला घेत नाही, आणि नवीन घ्यायचा तं कापसाला काय भाव मिळाला ते विचारू नका. म्हणून मार्चमधेच मिंट टाकलं. मित्राच्या पेनड्राइव्हवर २१.३ पडलं होतं तेच टाकलं, २२ येऊन बरेच महिने झाले होते हे माहीत असून, कारण जवळपास ३ जीबी उतरवायचं म्हणजे आमच्याकडं दोन दिवसांचा डेटा. घर आर्वी तालुक्यात, गावाच्या टोकाला, मागच्या दारातून वावर सुरू होते. स्पीकर जुनेच, भिंतीच्या प्लगवर चालणारे.

पहिली घरघर. मार्चपासूनच होती, गेम चालू असो का नसो, स्पीकरमधून घुर्रर्र असा बारीक आवाज. तालुक्याच्या एका दुकानात दाखवला. त्यानं स्क्रीन पाहिली आणि पहिलं वाक्य, "भाऊ हे लिनक्स हाये न, याच्यात असंच होते." मग म्हणे साऊंडचा आयसी गेला असन, ३५०० लागतील, आणि ८०० मधे विंडोज परत टाकून देतो. लॅपटॉप उघडून पण पाहिला नाही बाप्पा! ३५०० मधे माझी एक फवारणी होते. लॅपटॉप बगलेत मारला आणि घरी आलो, येताना रागारागात १८० रुपयांचं यूएसबी साऊंडकार्ड घेतलं, ते पण घरघर करायला लागलं. तेव्हाच समजायला पाहिजे होतं की बिघाड लॅपटॉपच्या आयसीत नाही, पण डोक्यात राग असला की नाही समजत.

मग जूनमधे पाऊस पडला, जुलैत मी हिंमत करून मिंट २२ वर अपग्रेड मारलं, आणि घरघर गायब. मी सगळ्यांना सांगत फिरलो की पाहा, २१.३ मधे आवाज सांभाळायला पल्सऑडिओ होतं, २२ मधे त्याच्या जागी पाइपवायर आलं, म्हणून आवाज सुधारला. दसऱ्याला हा रिव्ह्यू लिहायला घेतला तेव्हा पहिल्या ओळीत हेच लिहिलं होतं, पाइपवायर म्हणजे अमृत वगैरे. ते खोडलं, का खोडलं ते पुढं.

करकर वेगळी. ती फक्त गेममधे, ते पण प्रोटॉनवरून (लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणारं स्टीमचं साधन) चालणाऱ्या विंडोजच्या गेममधे. सुपरटक्सकार्ट सारखा लिनक्सचाच गेम लावला तं एकदम स्वच्छ. मी खेळतो तो ट्रॅक्टर-हार्वेस्टरवाला शेतीचा गेम (बाबा म्हणतात, दिवसभर वावरात अन् रात्री बी वावरातच, मंग दिवसा काहून कंटाळते तू?). त्यात हार्वेस्टर सुरू केला आणि मागं दोन ट्रॅक्टर चालू असले की आवाज तव्यावरच्या मोहरीसारखा तडतडायचा. २१.३ वर यावर उपाय सापडला होता: स्टीममधे गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लाँच ऑप्शन्स, तिथं पल्स, अंडरस्कोर, लेटन्सी, अंडरस्कोर, एमसेक, सगळं इंग्रजी कॅपिटलमधे, मग बरोबरचं चिन्ह, ६०, एक स्पेस, आणि शेवटी दोन टक्केचिन्हांच्या मधे कमांड हा शब्द स्मॉलमधे. इथं देवनागरीत वाचायला विचित्र वाटते पण टाइप केल्यावर एक ओळ आहे, आवाजाला ६० मिलिसेकंदांची सवड द्या एवढंच ती सांगते. चालून जाते.

पाइपवायरवर तडतड कमी झाली, गेली नाही. तिथं पीडब्ल्यू-टॉप म्हणून कमांड आहे, ती दुसऱ्या खिडकीत चालू ठेवायची आणि खेळायचं. त्यात ईआरआर नावाचा, म्हणजे चुका मोजणारा, कॉलम दिसते. तडतड झाली की तिथला आकडा वाढते, म्हणजे कानाची शंका नाही, मशीनच कबूल करून राहिली. बाजूलाच क्वांटमचा कॉलम. क्वांटम म्हणजे एका खेपेत किती सॅम्पल, म्हणजे आवाजाचे बारीक तुकडे, पाठवायचे ते. कापूस वेचून बंडीत टाकायचा आहे असं समजा. छोट्या टोपल्यानं टाकाल तं खेपा जास्त, एक जण जरा मागं राहिला की बंडी रिकामी उभी, ती रिकामी उभी राहिली की तड् असा आवाज. मोठ्या टोपल्यानं टाका तं खेपा कमी, आरामात होते, फक्त माल थोडा उशिरा पोहोचते. माझा गेम छोट्या टोपल्या मागत होता आणि सातव्या जनरेशनचा बिचारा धावून धावून दमत होता. १०२४ वर बांधून टाकलं. सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे १०२४ ची एक खेप साधारण २१ मिलिसेकंदांची, ट्रॅक्टर चालवायला एवढा उशीर कोणाला समजते? बंदूकवाल्या गेमवाल्यांनी आपलं आपण पाहावं.

आधी तात्पुरतं करून पाहा: पीडब्ल्यू-मेटाडेटा कमांडनं क्लॉक डॉट फोर्स-क्वांटम १०२४ करायचं, पटलं तं होम फोल्डरमधल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात, पाइपवायरच्या कॉन्फ-डी मधे एक फाइल बनवून मिन-क्वांटम कायमचं लिहून टाकायचं. मी पहिल्याच दिवशी कायमचं केलं होतं, एक कंस विसरलो, आणि आवाजच गेला पूर्ण. तात्पुरतं आधी.

एक जुना गेम होता त्यात तं आवाजच नव्हता, तो ३२ बिटचा, त्याला अल्साच्या (लिनक्सच्या आवाजाचा खालचा थर) प्लगिनचं ३२ बिटवालं पॅकेज लागते, टाकलं, झालं. आणि एचडीएमआयनं टीव्ही लावला की आवाज आपोआप टीव्हीकडं जाते, ते पावूकंट्रोल नावाच्या आवाजाच्या सेटिंगमधून बदलायचं. यावर जास्त काय लिहू.

आता टक्.

घरघर आणि करकर माणूस सहन करते, सवय होते. टक् ची सवय होत नाही. गेमच्या मेनूत आहात, संगीत बंद करून ठेवलं आहे, काही वाजून नाही राहिलं, बटण दाबलं की आधी टक् आणि मग बटणाचा आवाज. पाच-सात सेकंद शांत बसा, परत दाबा, परत टक्. कोणीतरी खिळ्यावर नख मारल्यासारखं. एप्रिल-मेमधे हे लक्षातच आलं नाही, कारण खोलीत कूलर. आमच्या विदर्भात कूलर चालू असताना बाजूच्यानं हाक मारलेली ऐकू येत नाही, टक् कुठून ऐकू येईन. जूनमधे कूलर बंद झाला आणि पहिल्या रात्री ऐकू आली. तेव्हापासून मी गेम कमी आणि टक् जास्त खेळलो आहे.

कारण लवकर सापडलं. काही वाजत नसलं की पल्सऑडिओ पाच सेकंदांत साऊंडकार्डला झोपवते, पाइपवायरमधे तेच काम त्याचा सोबती वायरप्लंबर करते, तिथं पण पाच सेकंदच. त्यानंतर कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) ड्रायव्हर, एसएनडी एचडीए इंटेल नावाचा, चिपची वीज तोडते. आवाज आला की वीज परत जोडते आणि जोडताना टक्. म्हणजे पाइपवायर येवो की आणखी कोणी, टक् खालून येऊन राहिली, वरचे बदलून उपयोग नाही. उपाय पण सोपा: मॉडप्रोबच्या (ड्रायव्हरच्या सेटिंगच्या) फोल्डरात एक फाइल, त्यात ड्रायव्हरचं नाव आणि पॉवर सेव्ह बरोबर शून्य, रीस्टार्ट. केलं. टक् गेली. त्या रात्री मी खूश होऊन दीड वाजेपर्यंत मेनूतच बटणं दाबत बसलो, ट्रॅक्टर हलवला पण नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री परत टक्.

फाइल पाहिली, जशीच्या तशी. रीस्टार्ट केलं, गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी परत. असं अकरा दिवस. कर्नल अपडेटला शिव्या दिल्या, फाइलचं नाव बदललं, दोन फाइली बनवल्या, एका रात्री तं मला वाटलं कानच खराब झाला. बाबा कॉटवरून पाहून राहिले होते. "काय ऐकून राहिला बे मघापासून?" म्हटलं टक् येते. ते म्हणे, "पाल असन."

बाराव्या दिवशी लाइन गेली आणि माझ्या डोक्यात लाइट लागला. टक् रोज रात्रीच येत होती, ते पण आठ-साडेआठनंतर, लोडशेडिंगच्या टायमाला! लाइन गेली की स्पीकर मुके, मी इअरफोन लावायचो, पंखा पण बंद, आणि त्या सन्नाट्यात टक् थेट मेंदूत. मी समजत होतो की इअरफोनमुळं जास्त ऐकू येते. पण लाइन गेली की आणखी एक होते, लॅपटॉप बॅटरीवर जाते. आणि बॅटरी जास्त चालावी म्हणून टीएलपी कोणी टाकलं होतं? मीच, एप्रिलमधे, मोठी हुशारी करून. टीएलपी चार्जर निघाला की स्वतःचे नियम लावते, आणि त्याच्या नियमात बॅटरीवर साऊंडचं पॉवर सेव्ह १, म्हणजे एका सेकंदात वीज तोड. माझ्या फाइलीतलं शून्य जागच्या जागी होतं, पण चालू मशीनवर टीएलपी त्याच्यावर एक लिहून जात होतं. सिस्टीमच्या सिस-मॉड्यूल फोल्डरात त्या ड्रायव्हरच्या पॅरामीटर्समधे पॉवर सेव्ह नावाची फाइल आहे, ती कॅट कमांडनं उघडून पाहा: माझ्या मशीनवर चार्जर लावलेला तं शून्य, चार्जर काढला तं एक. डोळ्यासमोर बदलते. ही फाइल पहिल्या दिवशी पाहिली असती तं अकरा रात्री वाचल्या असत्या.

टीएलपीच्या कॉन्फिग फाइलमधे साऊंड पॉवर सेव्हच्या दोन ओळी आहेत, एक एसी ची (चार्जरवरची), एक बॅट ची (बॅटरीवरची), दोन्हीच्या पुढचा हॅश काढून शून्य करा आणि टीएलपी परत स्टार्ट करा. बॅटरीत मला तं काही फरक जाणवला नाही. टीएलपी चांगलंच आहे, काढू नका, माझा राग त्याच्यावर नाही. थोडा आहे.

आता ती घरघर. ऑक्टोबरमधे ऊन तापलं, जमीन सुकली, आणि घरघर परत आली, पाइपवायर तेच, मिंट २२ तेच. अमृत गेलं कुठं? याच दिवसांत लॅपटॉपच्या लोखंडी कडेला हात लागला की मुंग्या यायला लागल्या, म्हणून गावातल्या वायरमन भाऊला बोलावलं, आवाजासाठी नाही, मुंग्यांसाठी. त्यानं आल्या आल्या म्हटलं, "चार्जर काढ बरं." काढला. मुंग्या बंद, आणि स्पीकरमधली घुर्रर्र पण बंद! आठ महिन्यांत मी हे एकदा पण करून पाहिलं नव्हतं. माझं एक्स्टेन्शन बोर्ड दोन पिनचं, चार्जरची तिसरी पिन मीच मोडून बसवली होती. भिंतीच्या प्लगला अर्थिंग होतं, पण मागच्या अंगणातला खड्डा ठणठणीत कोरडा, आमची काळी माती सुकली की भेगा पडतात तिथं अर्थिंग काय धरणार. पावसात खड्डा ओला झाला, तेव्हा भिंतीवर लावलेल्या स्पीकरची घरघर बसली, आणि त्याच महिन्यात मी अपग्रेड केलं होतं. श्रेय पाइपवायरला. भाऊनं खड्ड्यात मीठ-कोळसा टाकला, पाच बादल्या पाणी ओतलं, तीन पिनचं बोर्ड आणि चार्जरची नवीन वायर लावायला लावली. सगळे मिळून ४२० रुपये, त्यात त्याचा चहा धरून. म्हणे, "उन्हाळ्यात दर आठवड्याले एक बादली टाकत जा." म्हणजे आता कूलरला पाणी, गाईला पाणी, आणि लिनक्सला पाणी.

तं पाचपैकी किती? मिंटला साडेचार. अर्धा कापला तो ब्लूटूथसाठी: भाचा गळ्यातला नेकबँड लावून मित्रांशी बोलत खेळते, माइक सुरू झाला की प्रोफाइल बदलते आणि गेमचा आवाज जुन्या लँडलाइनसारखा होते. नेकबँडचा माइक सोडून लॅपटॉपचाच माइक निवडला की ठीक होते, पण मग गाईचं हंबरणं पण मित्रांना ऐकू जाते, आणि भाच्याला ते नको आहे. यावर कोणाकडं काही असन तं सांगा. दुकानवाल्याला शून्य. मला स्वतःला दोन, चार्जर काढून न पाहिल्याबद्दल.

आर्वी-पुलगावकडच्या कोणाला टाकून पाहायचं असन तं पेनड्राइव्ह घेऊन जा माझ्याकडून, आता त्यात २२.२ आहे. वेचणी सुरू आहे, म्हणून संध्याकाळी सातनंतर या, आणि लाइन असेपर्यंत या.