ड्रायव्हर बिघडला, विंडोज उठेना: सेफ मोड की सिस्टिम रिस्टोर?

ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरचा एखादा भाग विंडोजकडून चालवून घेणारं छोटं सॉफ्टवेअर. नवा ड्रायव्हर आपोआप येतो, रात्री कॉम्प्युटर बंद करताना काहीच जाणवत नाही, आणि सकाळी बटण दाबलं की निळी स्क्रीन. पुन्हा चालू करा, पुन्हा तीच. दुरुस्तीवाल्याकडे नेलं तर बहुतेक वेळा पहिला शब्द निघतो 'फॉरमॅट'. एका ड्रायव्हरसाठी ती वेळ फार क्वचित येते, म्हणून तो पर्याय मी इथे धरलेला नाही. सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरवर उठवायची सोय) जाऊन तेवढा ड्रायव्हर मागे घ्यायचा, की सिस्टिम रिस्टोरने सगळं विंडोजच आधीच्या तारखेवर न्यायचं, एवढाच प्रश्न. मी दोन्ही केलंय, तेही एकाच कॉम्प्युटरवर, एकाच आठवड्यात.

दोन्हींची सुरुवात सारखीच. सेफ मोडसाठी पूर्वीसारखं एफ८ दाबत बसू नका, विंडोज ८ पासून ती की मुळात बंदच असते. चालू होत असतानाच पॉवरचं बटण दाबून धरून बंद करायचं. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा निळा मेनू स्वतःहून समोर येतो. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) असेल तर तो ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात बहुधा साठवलेली असते, मोबाईलवरून बघता येते. ही अडचण दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे तिच्यावरून निवड करू नका.

रिस्टोरची बाजू आधी सांगतो, कारण मी आधी तेच केलं होतं. जीएसटी रिटर्नची २० तारीख तोंडावर, आणि डोकं चालवायला वेळ नव्हता. रिस्टोरमध्ये खरोखरच काही कळावं लागत नाही. तारीख निवडा आणि थांबा. कोणता ड्रायव्हर बिघडलाय हे ठाऊक नसतानाही ते काम करतं, आणि आपल्या फाईल्सना हात लावत नाही. माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर पाऊण तास लागला, पण कॉम्प्युटर उठला. रिटर्न वेळेत गेलं. तेव्हा मला वाटलं, यापेक्षा चांगला उपाय नाही.

मग एकेक लक्षात यायला लागलं. माझा रिस्टोर पॉइंट, म्हणजे विंडोजने जपून ठेवलेली आधीची स्थिती, नऊ दिवस जुना होता. त्या नऊ दिवसांत टाकलेला प्रिंटरचा ड्रायव्हर गेला, मराठी टायपिंगचं नवं सॉफ्टवेअर गेलं. तेही चाललं असतं, पुन्हा टाकता येतं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी तीच निळी स्क्रीन परत आली, त्याने मात्र मी खचलो. रिस्टोरने विंडोज नऊ दिवस मागे नेलं होतं, गुन्हेगार कोण हे त्याला कळलेलंच नव्हतं, आणि मलाही. अपडेटच्या दृष्टीने माझा कॉम्प्युटर फक्त मागे पडलेला होता, म्हणून तोच ड्रायव्हर पुन्हा आणून बसवला गेला. पाऊण तास, प्रिंटर, टायपिंग, सगळं घालवून मी होतो तिथेच.

दुसऱ्यांदा सेफ मोड घेतला. त्याच निळ्या मेनूत ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ दाबायचा. सेफ मोडमध्ये विंडोज ग्राफिक्स कार्डचा कंपनीचा ड्रायव्हर न घेता स्वतःचा साधा ड्रायव्हर वापरतं, म्हणूनच ते उठतं. स्क्रीन ओबडधोबड दिसते, तिकडे लक्ष देऊ नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (कॉम्प्युटरच्या भागांची यादी) डिस्प्ले ॲडॅप्टरवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर, जाऊन 'रोल बॅक ड्रायव्हर'. ते बटण फिकं असेल, तर अनइन्स्टॉल करा आणि ड्रायव्हरच्या फाईल्सही काढायच्या चौकोनात खूण करायला विसरू नका. ती राहिली तर विंडोज तोच ड्रायव्हर स्वतःच्या साठ्यातून पुन्हा लावू शकतं. माझं पंधरा मिनिटांत झालं. प्रिंटर, टायपिंग, काही हललं नाही. मुख्य म्हणजे आता गुन्हेगाराचं नाव माहीत होतं, त्यामुळे पुढचा बंदोबस्त करता आला.

क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या सदोष अपडेटने १९ जुलै २०२४ ला झालेला गोंधळ आठवतो ना? जगभर सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स पडली, आपल्याकडे काही विमानतळांवर हाताने लिहून बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यावरचा सगळीकडे सांगितला गेलेला उपाय काय होता? सेफ मोडमध्ये किंवा दुरुस्तीच्या मेनूतून जायचं, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधली एक ठरावीक फाईल शोधायची आणि ती पुसायची. नेमकी वस्तू काढली की बाकी विंडोज शाबूत.

तरी सेफ मोड सगळीकडे चालेल असं मी म्हणणार नाही. बिघडलेला ड्रायव्हर डिस्कच्या कंट्रोलरचा (डिस्क वाचणाऱ्या भागाचा) असेल तर तो सेफ मोडलाही लागतो, त्यामुळे तोही उठत नाही. 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' अशी ओळ दिसली तर बहुधा हीच गत. तिथे रिस्टोर बरं, कारण ते दुरुस्तीच्या मेनूतूनच चालतं, अडकलेलं विंडोज उठायची गरज नसते. घरातल्या वडीलधाऱ्यांना फोनवरून सांगायचं असेल तरीही मी कदाचित रिस्टोरच सांगेन. डिव्हाइस मॅनेजर फोनवर समजावणं जिकिरीचं आहे. फक्त आधी रिस्टोर पॉइंट असायला हवा. बऱ्याच कॉम्प्युटरवर असे पॉइंट बनवणारं सिस्टिम प्रोटेक्शन बंदच असतं, आणि मग यादी रिकामी दिसते.

माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी मात्र मी आधी सेफ मोडच धरतो. तुम्ही काहीही निवडलंत तरी कॉम्प्युटर उठल्या उठल्या सेटिंग्जमधून अपडेट पाच आठवड्यांसाठी थांबवा, आणि तेवढ्यात कंपनीच्या साइटवरून आधीचा नीट चालणारा ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर अपडेटबरोबर ड्रायव्हर नकोत असं ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये (विंडोजचे नियम ठरवायची जागा) कायमचं सांगता येतं. होम आवृत्तीत तो एडिटरच नसतो, तिथे पाच आठवड्यांनी पुन्हा स्वतः लक्ष ठेवावं लागतं. मी कॅलेंडरवर खूण करून ठेवलीय.