आवाज हुबेहूब, चौकशी शून्य

दांडिया बाजारातल्या एका स्टुडिओत अण्णांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, जुना फोटो, त्यांच्या आवाजाची कॅसेट देऊन, एआयने बोलता करून घेतला. काम फर्स्ट क्लास! 'अगं' म्हणायच्या आधी ते घसा खाकरायचे, तेसुद्धा आलं. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. पण कॅसेटवरचा आवाज कोणाचा, घरच्यांची परवानगी आहे का, हे काउंटरवरच्या पोराने विचारलंच नाही. उद्या कोणी माझ्या आवाजात आमच्या ह्यांच्याकडे पैसे मागितले म्हणजे? जनुकं जोडण्याचं तंत्र नवं होतं तेव्हा शास्त्रज्ञांनीच १९७४ साली काही प्रयोग थांबवले, १९७५मध्ये कॅलिफोर्नियातल्या असिलोमारला बसून नियम ठरवले, मग पुढे गेले. इथे मात्र 'मॅडम, दहा मिनिटांत देतो!' तीन स्टार. ओळखपत्र मागायला लागले की चौथा देईन.