‘शो द डोअर’ की ‘सेंड पॅकिंग’?

एखाद्याला हाकललं हे इंग्रजीत सांगायला ‘किक आउट’ आणि ‘थ्रो आउट’ सगळ्यांनाच येतात. बोलताना चालतात, पत्रात अंगावर येतात. पेच पडतो तो ‘शो समवन द डोअर’, ‘गिव्ह मार्चिंग ऑर्डर्स’ आणि ‘सेंड समवन पॅकिंग’ या तिघांत. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीची परदेशी पत्रं मी लिहितो, त्यामुळं तिन्ही वापरून झालेत.

पहिला माझा लाडका होता. आपल्या ‘बाहेरचा रस्ता दाखवणे’शी इतका जुळतो की चुकायला जागाच नाही, असं वाटायचं. एकदा गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर कास्टिंग तपासायला आला. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं जेवण झालं, गेटपर्यंत मी स्वतः सोडायला गेलो. संध्याकाळी मेल टाकला, ‘वी शोड हिम द डोअर ॲट फाइव्ह.’ लगेच तिकडून फोन, आमच्या माणसानं असं केलं तरी काय? मधला ‘टू’ राहिला होता. ‘शोड हिम टू द डोअर’ म्हणजे अदबीनं दारापर्यंत पोहोचवलं, ‘टू’ गाळला की गचांडी! मालकांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. तेव्हापासून हा प्रयोग लिहिताना हात थबकतो, आणि थबकत लिहायचं तर तो वापरायचाच कशाला?

‘मार्चिंग ऑर्डर्स’ फौजेतून आलेला. इंग्लंडच्या फुटबॉल बातम्यांत लाल कार्डासाठी सर्रास दिसतो, त्यामुळं शाहू स्टेडियमच्या गॅलरीत वाढलेल्याला तो पटकन कळतो. पण अमेरिकन माणूस त्याचा अर्थ बहुधा ‘पुढच्या कामाच्या सूचना’ असा घेतो. आपण कळवणार ठेकेदाराला काढलं, तो समजणार कामाला लावलं. गिऱ्हाईक फक्त इंग्लंडचं असेल तर खुशाल वापरा.

राहिला ‘सेंड पॅकिंग’. जुना आहे, शेक्सपिअरच्या नाटकातल्या फॉल्स्टाफच्याही तोंडी आहे. मला त्यात आपलं ‘गाशा गुंडाळायला लावणे’ दिसतं. गाशा म्हणजे खोगिरावरचं कापड. ते गुंडाळलं की स्वार निघाला. इथं ‘टू’ विसरायची धास्ती नाही. सूर थोडा तुच्छतेचा आहे, हे मान्य. नोकरी गेलेल्या भल्या माणसाबद्दल मी तो वापरणार नाही, तिथं ‘लेट गो’ बरा. पण खोटी बिलं लावणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याला यापेक्षा नेमका शब्द मला तरी सापडला नाही. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

घोटाळा यातही होतो, पण घरातल्या घरात. परवा त्या ट्रान्सपोर्टवाल्याचं पत्र टेबलावर उघडं होतं. डिस्पॅचचं पोरगं वाचून म्हणालं, “सर, ह्येला पॅकिंगला पाठवताय व्हय? बरं झालं, आमच्याकडं माणसं कमीच हाईत.”