हिरव्या-लाल काठाची पांढरी हातमागाची साडी : भरपूर नेसून, धुऊन मग लिहितेय

साडीबद्दलच लिहायचंय पण ही साडी मी का शोधत होते ते आधी सांगते, नाहीतर एका साध्या पांढऱ्या सुती साडीवर एवढं काय लिहायचं असं वाटेल.

25 जुलै 2022 ला द्रौपदी मुर्मूंनी राष्ट्रपतीपदाची शपथ घेतली तेव्हा त्या पांढरी साडी नेसल्या होत्या, संथाली म्हणजे त्यांच्या आदिवासी समाजाच्या पद्धतीची, हिरवा-लाल काठ, बस्स, जर नाही बुट्टे नाहीत काही नाही. आम्ही ऑफिसमध्ये मोबाइलवर लाइव्ह बघत होतो आणि त्यांनी भाषणाची सुरुवातच "जोहार", म्हणजे आदिवासींचा नमस्कार, म्हणून केली आणि मला एकदम भरून आलं. मी आंबेगाव तालुक्यातली, महादेव कोळी, भीमाशंकरच्या अंगाला आमची वाडी, आईने हिरडा गोळा करून विकला आणि त्या पैशात आमची वह्यापुस्तकं झाली, पुढे पुण्यात आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहून मी बीकॉम केलं. भाषणात त्या म्हणाल्या की आपल्या गावातून कॉलेजला जाणारी मी पहिली मुलगी होते. आमच्या वाडीतून मी पहिली होते! त्यांचं गाव उपरबेडा, ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यात, तिथून त्या भुवनेश्वरला रमादेवी कॉलेजात गेल्या, मग सरकारी ऑफिसात ज्युनिअर असिस्टंट, मग रायरंगपूरला शाळेत शिकवलं, 1997 ला तिथेच नगरसेवक, मग आमदार, मंत्री, झारखंडच्या राज्यपाल आणि मग हे. नगरसेवक ते राष्ट्रपती. वसतिगृहात असताना 2007 ला प्रतिभाताई झाल्या होत्या, देशाची पहिली महिला राष्ट्रपती आणि तीसुद्धा आपल्या जळगावकडची, तेव्हा पण आम्ही पोरींनी रात्री उशिरापर्यंत गप्पा मारल्या होत्या. पण या वेळी वाडीवरून सारखे फोन येत होते, शिक्षण सोडून बसलेल्या चुलत बहिणीने पण केला, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, आपली बाई बसली गं तिथे. मला कुठल्या पक्षाचं काही बोलायचं नाहीये. तो दिवस आमचा होता एवढं मला माहिती आहे.

तर त्या दिवसापासून मला तशी साडी हवी होती. फॅशन म्हणून नाही, एक आठवण अंगावर असावी म्हणून.

शोधताना काय काय बघितलं ते सांगते म्हणजे तुमचा वेळ वाचेल. लक्ष्मी रोडला एका दुकानात "प्रेसिडेंट साडी" म्हणून ढीग लावलेला, पॉलिस्टर मिक्स, काठ छापील, हात लावला की चुरचुर आवाज, साडेचारशेला. सेल्समन म्हणाला मॅडम सेम टू सेम. मला ते बघून वाईट वाटलं खरंच. ज्या बाईमुळे त्या काठाकडे देशाचं लक्ष गेलं तिच्या भागातल्या विणकराच्या हाती त्या साडीतून एक रुपया जाणार नव्हता. घेतली नाही. ऑनलाइन पण एक बघितली, फोटोत सुती आणि खाली बारीक अक्षरात आर्ट सिल्क, ती पण सोडली.

शेवटी मिळाली कर्वे रोडला एका हॉलमध्ये हातमागाचं प्रदर्शन लागलेलं तिथे. 7 ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन असतो ना, 1905 च्या स्वदेशी चळवळीची आठवण म्हणून, त्याच्या आसपास पुण्यात अशी प्रदर्शनं लागतात. (त्याच वर्षी आपल्या पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली होती, शाळेत शिकलेलो आपण.) ओडिशाचा एक स्टॉल होता, बहुतेक संबलपुरी, कोटपाड वगैरे, आणि कोपऱ्यात या पांढऱ्या साड्या. स्टॉलवरचे दादा हिंदीत म्हणाले की त्या आधी फारसं कोणी विचारायचं नाही, आता रोज लोक येऊन मोबाइलमधला शपथविधीचा फोटो दाखवतात. किंमत 1,850 रुपये, मी घासाघीस केली नाही. एरवी मी करते, पण इथे मन झालं नाही.

आता साडी. पोत जरा जाड आहे, आपल्या मलमलसारखी तलम साडी हवी असेल तर ही तुमच्यासाठी नाही. पांढरी म्हणजे पांढरीशुभ्र नाही, किंचित सायीकडे झुकणारी. काठ चांगला रुंद आहे, हिरवा वर लाल खाली, आणि तो विणलेला आहे, छापलेला नाही, उलट्या बाजूने बघितलं तरी तसाच दिसतो. पदराला त्याच रंगांच्या आडव्या पट्ट्या. मध्येच एखादी बारीक गाठ लागते, दोरा संपून नवा जोडला असेल तिथे, एक-दोन ठिकाणी पोत थोडा विरळ पण आहे. याला डिफेक्ट समजून परत करू नका, हाताने विणलंय म्हटल्यावर एवढं असणारच. घेताना हँडलूम मार्कचं, म्हणजे हातमागाच्या सरकारी खुणेचं, लेबल बघा आणि उलटी बाजू बघा.

पहिल्यांदा साडीत एवढी खळ होती की निऱ्या फुगून उभ्याच राहत होत्या. रात्रभर साध्या पाण्यात मीठ टाकून भिजवली, सकाळी पिळून न घेता सावलीत वाळवली. लाल रंग थोडासा गेला पाण्यात, पण पांढऱ्यावर डाग पडला नाही ही मोठी गोष्ट, कारण माझी सगळी भीती तीच होती. तरी वेगळीच धुवा, मशीनमध्ये अजिबात टाकू नका. आता इतकी धुऊन झाली की मऊ पडलीये आणि अंगाला छान बसते, पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये यासारखं सुख नाही. पावसाळ्यात मात्र पांढरी साडी आणि पीएमपीएमएलची बस हे जमत नाही, ऑफिसला पोचेपर्यंत खालचा काठ चिखलाने माखतो, म्हणून मी जून ते सप्टेंबर कपाटात ठेवते. फॉल लावताना टेलरला सांगा की पाण्यातून काढलेला सुती फॉल लाव, माझ्या टेलरने न भिजवताच लावला आणि धुतल्यावर तो आटला, काठाला सुरकुत्या आल्या, उसवून पुन्हा लावावा लागला.

घडी वहिनीने मोडली. तिच्या हातात दिली तेव्हा आई जवळच बसलेली, ती आधी काही बोलली नाही, मग म्हणाली सवाष्णीने पांढरं नेसायचं का गं. आमच्याकडे हे आहे, तुमच्याकडेही असेल. मी तिला शपथविधीचा फोटो दाखवला. मुर्मूंचा नवरा गेला, दोन तरुण मुलगे गेले हे आईला टीव्हीवरून माहीत होतं, त्या बाईने किती सोसलंय हे ती आल्यागेल्याला सांगायची. बराच वेळ फोटो बघून ती म्हणाली, हिरवा काठ आहे की, नेस. आणि मग स्वतःच वहिनीच्या खांद्यावर पदर लावून दिला. मला आईला पटवायला काही बोलावंच लागलं नाही. आता वाडीवरच्या दोघीतिघींना तशी साडी हवीये आणि आईने स्वतःसाठी नऊवारीत मिळते का बघायला सांगितलंय. मिळाली नाही अजून. स्टॉलवाल्या दादांना विचारलं तर म्हणाले ऑर्डरप्रमाणे जास्त लांबीची विणून देऊ पण एकाच वेळी निदान सहा तरी पाहिजेत, तर मी बायका गोळा करतेय.

ऑफिसला पहिल्यांदा नेसून गेले तेव्हा एक मॅडम म्हणाल्या, आज काय ट्रायबल थीम का. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी सांगितलं थीम नाही मॅडम, मी आदिवासीच आहे. आमच्या ऑफिसमध्ये हे मी इतक्या सरळ आधी कधी बोलले नव्हते, कारण बोललं की कोट्यातून आलीस का हा प्रश्न ठरलेला असतो. या वेळी तो आला नाही, मॅडमनी काठ हातात घेऊन बघितला आणि कुठे मिळते विचारलं. 26 जानेवारीला आणि 9 ऑगस्टला, आदिवासी दिनाला, लोक अशा साड्या नेसून फोटो काढतात, काढा की, पण नंतर मंगळवार-बुधवारी पण नेसा. रोजच्या वापराचंच कापड आहे हे.

पैसे वसूल? माझ्या मते हो. पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क ब्लाउजपीससाठी कापला, तो 80 सेंटिमीटर सांगतात पण जेमतेम निघतो आणि पांढरा असल्यामुळे आतलं दिसतं, अस्तर लावलं तर जाड होतं. सरळ लाल किंवा हिरवा खणाचा ब्लाउज घाला, दोन्ही मस्त दिसतात, मी हिरवा शिवलाय. आणि नऊवारीच्या ऑर्डरमध्ये कोणाला यायचं असेल तर सांगा, अजून दोन बायका कमी पडताहेत.