सहा महिन्यांसाठी जर्मनीत नेट: तारेचं कनेक्शन की सिमचा राउटर?

बडोद्याच्या दांडिया बाजारातला माझा भाचा सहा महिन्यांसाठी म्युनिकला निघालाय. बॅगेत लीलो चिवडा कोंबता कोंबता विचारतो, "मामा, घरी वायफाय बसवून घेऊ की सिमवर भागवू?"

तारेच्या कनेक्शनची गोम करारात आहे. तिथे पहिला करार २४ महिन्यांपर्यंतचा असू शकतो. डिसेंबर २०२१ पासून पहिली मुदत संपल्यावर महिन्याच्या नोटिशीवर सुटता येतं. पण सहा महिन्यांच्या पाहुण्याला त्याचा काय उपयोग? दरमहा बंद करता येणारे प्लॅन असतात, त्यात जोडणीचा खर्च सहसा अंगावर येतो. शिवाय वाट बघणं. मी तिकडे असताना सुट्टी काढून दिवसभर घरी बसलो. खाली बेलवर आधीच्या भाडेकरूचंच नाव होतं, जोडणीवाला खालूनच परत गेला! तिकडे फ्लॅट नंबर नाही, नाव बघतात.

सिमचा राउटर म्हणजे मोबाइलचं सिम घालून घरात वायफाय देणारा डबा; प्लगमध्ये खोचला की चालू. प्रीपेड सिमलाही पासपोर्ट दाखवावा लागतो, एवढंच. डेटा मात्र बऱ्याच प्लॅनमध्ये मोजून. आईशी रोज तासभर व्हिडिओवर बोलायचं तर तासाला १ जीबीच्या आसपास धरा. जुन्या इमारतीत भिंती जाड, राउटर खिडकीतच ठेवावा लागतो.

वेगात आणि भरवशात तार सरस, यात वाद नाही.

घरून काम असेल किंवा वर्षाहून जास्त मुक्काम असेल तर तार घ्यावी. भाच्याला मी सिम सांगितलं. त्याआधी घरमालकाला विचार म्हटलं, भाड्यात नेट असेल तर दोन्ही नकोत.